पाय पाडळखेडचे

पिंपळगाव राजाला एस.टी.तून उतरून बैलगाडीनं मी चिंचटाकळीला पोचले, तेव्हा माझ्या होणाऱ्या घरमालकांनी माझं नाव विचारलं नाही. जिल्हा परिषदेचा नेमणुकीचा कागदही पाहिला नाही. गाडीतून उतरवलेल्या माझ्या पत्र्याच्या ट्रंकेभोवती त्यांनी एक फेरी मारली, वाकून तिची कडी हलवून पाहिली आणि विचारलं, "कोठची?"

मला वाटलं, मलाच विचारताहेत. मी म्हटलं, "अचलपूरची."

"तुमी नाई वो बाई. ट्रंक."

ट्रंक मामांनी आणली होती. ती कुठली, हे मला ठाऊक नव्हतं. तसं सांगितल्यावर त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर जे दुःख उमटलं, ते मी पुढे माणूस दगावलेल्या घरातही फारसं पाहिलं नाही. नुकतंच लग्न झालेलं, नवरा मलकापूरला पोस्टात, मी या आडगावी शाळेवर, आणि घरमालक हा असा. पहिले आठ दिवस मी दाराला आतून कडी लावून बसत असे.

ते भूमापन खात्यात मोजणीदार होते. तीस वर्षं लोखंडी साखळी घेऊन त्यांनी तालुक्यातले बांध तुडवले आणि पेन्शनीत निघून गावी आले. गाव त्यांना मोजणीकाका म्हणे, मीही तेच म्हणायला लागले. नोकरी सुटली, पण मोजणी काही सुटली नाही. रस्त्यानं चालताना ते पावलं मोजत. समोरून कोणी "रामराम" घातला तर एक हात वर करायचा, तोंड उघडायचं नाही. उघडलंच तर एवढंच, "बोलू नका, मोजून राह्यलो." आकडा चुकला की मागे फिरून पहिल्यापासून सुरुवात. एकदा वरातीतल्या लोकांनी मुद्दाम चारदा रामराम घातला, आणि काका लग्नघरी पोचले तेव्हा पंगत उठली होती.

घरातल्या प्रत्येक वस्तूला चिठ्ठी. कंदिलाच्या बुडाला चिकटवलेलं, 'चिखली, बाजारगल्ली, पुलाकडून तिसरं दुकान.' पाट्याखाली, 'नाल्यातला दगड, वडाच्या वळणावर.' लोणच्याच्या बरणीवर कैऱ्या कोणाच्या मळ्यातल्या आणि झाड विहिरीच्या कोणत्या अंगाला, हेसुद्धा. भाजीवाली दारात आली की भाव काकू करायच्या आणि काका वांग्यांची कुळकथा विचारायचे. भाजीवाल्या बिचाऱ्या काहीही ठोकून देत. ते काकांना लगेच कळे, आणि त्या दिवशी आमच्याकडे वांगी नसत.

काकू सांगायच्या, "मले पाहाले आले तव्हा माह्या बापाले गावाची शीव इचारली, नाला कोनत्या अंगानं वाह्यते ते इचारलं. माहं नाव? ते हळदीच्या दिवशी कळलं त्याईले." हे सांगताना काकू खुदकन हसायच्या. मला वाटतं, त्यांना नवऱ्याचा फार अभिमान होता आणि तो दाखवायची त्यांना ही एकच रीत माहीत होती.

मी एकदा चिडून विचारलं, "काका, वस्तू चांगली असली म्हणजे झालं. कुठली का असेना!"

त्यांनी चष्मा काढला. "बाई, तुमच्या शाळेत उद्या एक पोट्टं आलं. हुशार हाय, देखणं हाय. गाव सांगता येत नाई, बापाचं नाव सांगता येत नाई. तुमी काय म्हनसान? चांगलं हाय, झालं? जागा गेली का वस्तू पोरकी होते."

त्यांची एक जाडजूड वही होती. गावातली प्रत्येक जुनी गोष्ट तिच्यात नोंदलेली. विहिरी, पार, वीरगळ, मशिदीचा दगडी हौद. त्या वहीचा नियम मोजणी खात्याचा होता. चुकलं तर रबरानं पुसायचं नाही, कागद फाडायचा नाही. चुकलेल्या शब्दावर एकच आडवी रेघ मारायची, वर बरोबर शब्द लिहायचा आणि बाजूला सही करायची. "चूक दिसली पायजे," ते म्हणत. "नाईतं खरं कशावरून?"

या स्वभावाचा गावाला एकदा चटका बसला होता. नाल्यापलीकडचं पाडळखेड आणि आमचं चिंचटाकळी यांचं चराईच्या पट्ट्यावरून तीन पिढ्यांचं वैर. काका नोकरीत असताना त्याची मोजणी त्यांच्याकडेच आली. गाव खुशीत. आपलाच माणूस! काकांनी दोन दिवस साखळी ओढली आणि पट्टा पाडळखेडचा निघाला. वर्षभर गावात त्यांच्याशी कोणी बोललं नाही. काकू म्हणत, त्या वर्षी त्यांची पावलं एकदाही चुकली नाहीत.

आता देवीकडे येते.

गावाबाहेर निंबाखाली दगडी ओटा होता आणि त्यावर आमची मरीमाय, पटकी-कॉलऱ्याची देवी. अंगावर हिरवं लुगडं, आणि शेंदराचे थर एवढे की नाक कुठं, डोळे कुठं, काही कळू नये. महाराष्ट्र होऊन दोनतीन वर्षं झाली असतील. त्या उन्हाळ्यात एका मंगळवारी शेंदराची खोळ आपोआप सुटली आणि धपकन खाली पडली. गाव हादरलं. कोप झाला म्हणून बाया रडू लागल्या. सरपंचांनी काकांना बोलावणं धाडलं, कारण गावात दगडांशी संबंध असलेला शहाणा माणूस तेवढा एकच.

मीही शाळा सोडून गेले. काळ्या दगडातला तो चेहरा पहिल्यांदा पाहिला. डोळे अर्धे मिटलेले, ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसू. डोक्यावर मुकुट, मुकुटात बोटभर उंचीची मांडी घातलेली आकृती. डाव्या हातात कमळाचा देठ. घोट्याखाली मात्र तुटलेली, पाय नाहीत. काकांनी लुगडं जरा बाजूला केलं, छातीकडे पाहिलं, परत नीट झाकलं आणि हळूच माझ्या कानाशी म्हणाले, "बाई, हे बाई नोहे."

त्यांनी संग्रहालयाला पत्र लिहिलं. महिन्यानं तिथले एक साहेब आले. गोरेपान, घामाघूम, अतिशय सज्जन. त्यांनी मूर्तीभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग म्हणाले, हा बोधिसत्त्व आहे. स्वतः तरून जाण्याआधी दुसऱ्यांची दुःखं निवारायला थांबलेला. हजार-बाराशे वर्षांपूर्वीचा असावा, आणि असं काम या भागात त्यांनी पाहिलेलं नाही.

गावात सहासात वर्षांपूर्वी बौद्ध झालेली वस्ती होती. तिथली दोन माणसं लांब उभी राहून हे ऐकत होती. त्या ओट्यावर त्यांना कधी कोणी चढू दिलं नव्हतं. काकांनी हाक मारली, "लांब काऊन उभे? वर या गा. तुमचाच पाव्हना हाय." सरपंच दुसरीकडे पाहू लागले, पण अडवलं कोणी नाही. ती दोघं वर आली, हात जोडले आणि बराच वेळ तशीच उभी राहिली.

मूर्ती संग्रहालयात न्यायची म्हटल्यावर गाव बिथरलं. तेही खोटं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या जिच्यापुढे नवस बोललो ती कोणा साहेबाला द्यायची? पण आसपासच्या दोन गावांतल्या मूर्ती नुकत्याच रातोरात नाहीशा झाल्या होत्या, आणि जीपमधून आलेल्या एका माणसानं आमच्या देवीचेही फोटो काढले होते. काकांनी सगळ्यांना ओट्यापुढे बसवलं. "चोरीले गेली तं कोन्या परदेशात जाईन, अन् तिथं लिव्हतीन, 'ठिकाण माहीत नाही'. साहेबाले दिली तं लिव्हतीन, चिंचटाकळी. जग वाचंन. मी शब्द देतो."

या शब्दावर गाव तयार झालं. गुरवानं तोड काढली, देवी जागेत असते, तिथं तांदळा, शेंदूर लावलेला गोटा, बसवू. साहेब म्हणाले, "नोंदीत 'पिंपळगाव राजाजवळ' असं लिहू, तुमचं गाव नकाशावर शोधावं लागतं." त्यावर काका असे काही भडकले, की साहेबांनी घाईघाईनं वही उघडून त्यांच्या डोळ्यांदेखत 'मौजे चिंचटाकळी' लिहिलं. सरपंचांनी पेढे वाटले. काकांनी पेढा हातात घेऊन विचारलं, "कोठचा?", आणि पिंपळगावचा म्हटल्यावर खाल्ला.

साहेब मूर्ती न्यायला पुढच्या महिन्यात येणार होते. जाता जाता सहज म्हणाले, "पाय असते तर काय मौज झाली असती!"

झालं. काकांचं जेवण तुटलं. पाय गेले कुठे? त्यांनी ओट्याभोवती खणून पाहिलं. पाय नाहीत, पण ओट्याच्या बुडाशी बैलगाडीच्या चाकाची गंजलेली लोखंडी धाव आणि जळकं लाकूड निघालं. देवीखाली गाडीचं चाक कशाला असेल? काका दोन दिवस त्या धावेकडे बघत बसले. मग त्यांनी मूर्तीच्या तुटलेल्या कडेवर कागद दाबून, कोळसा फिरवून ठसा घेतला आणि गावोगाव हिंडू लागले.

पाय पाडळखेडला सापडले. विहिरीवर बाया ज्या दगडावर टाचा घासत, तोच. अर्धा मातीत पुरलेला, वर कमळाच्या खरखरीत पाकळ्या, आणि मातीखालच्या अंगाला दोन पावलं. पाय शोधताना काका पाणवठ्यावर ठसा घेऊन उकिडवे बसले, तेव्हा तिथल्या बायांनी त्यांचा जो उद्धार केला तो मी इथं लिहिणार नाही. पण त्यांनी दगड उपटायला लावला, ठसा लावला आणि कडेला कड जुळली. विहिरीलगतच्या वावरात नांगराला थोरल्या जुन्या विटा लागतात, कोरलेले तुकडे निघतात, हेही तिथल्या लोकांनी सहज सांगितलं.

संध्याकाळी काका घरी आले. मी ओसरीवर पोरांच्या वह्या तपासत होते. त्यांनी आपली वही माझ्यासमोर ठेवली. मरीमायेच्या पानावर 'चिंचटाकळी' या शब्दावरून एक सरळ रेघ होती. वर लिहिलेलं 'पाडळखेड'. बाजूला सही.

मी हादरले. "काका, हे कोणाला माहीत आहे?"

"तुमाले अन् मले."

"मग राहू द्या ना. साहेबांनी लिहून घेतलंय, गाव खूश आहे. कोणाला कळणार आहे?"

"मले कळलं ना," काका म्हणाले. मग अगदी हळू आवाजात, "साऱ्या जगाले इचारत फिरलो, बाई. हिले नाई इचारलं. गावातलीच म्हून धरली."

त्या माणसाला मी तेवढं खचलेलं कधी पाहिलं नव्हतं. आणि मला माझ्या सल्ल्याची लाज वाटली. रोज पोरांना फळ्यावर 'खरे बोलावे' लिहून देणारी मी!

दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्यापुढे गाव जमलं. काकांनी उभं राहून सगळं सांगितलं. धाव, ठसा, पाय, विटा. आपण शब्द दिला होता, तो आपल्याला पाळता येत नाही, हेही सांगितलं. मग सरपंच उठले.

"एकडाव चराई देल्ली त्याईले. आता देवी देता? साखळी आपल्या गावाची अन् माप नेहमी त्यायचंच काऊन निंगते, काका?"

"माप ज्याचं त्याचंच निंगते," काका म्हणाले.

गलका उठला. कोणी म्हणालं मूर्ती देऊच नका, कोणी म्हणालं ते पाय आणून नाल्यात टाका. काका नुसते उभे होते. तेवढ्यात सखुआजी बोलली. गावातली सगळ्यात म्हातारी बाई, कायम ओट्याच्या पायरीशी बसलेली. तिच्याकडे कधी कोणाचं लक्ष नसे.

"काका खरं सांगून राह्यले. बाई पाडळखेडाचीच हाय."

सगळे तिच्याकडे वळले. काका तर पायरीवर तिच्यासमोर खालीच बसले.

"पटकीचं साल व्हतं," सखुआजी सांगू लागली. "मी नवीन लगन होऊन आलती. पाडळखेडात रोज तिरड्या निंगत. त्याईनं बाईले गाड्यात घातलं अन् आपल्या शिवेवर आनून सोडलं. तशी रीतच व्हती, मरी आपल्या गावातून दुसऱ्याच्या गावात ढकलाची. उचलतानी तिचे पाय तुटले, ते तिथंच राह्यले. आता आपल्या लोकाईनं गाडा पुढं पिंपळगावाकडं ढकलाचा व्हता. तं माह्या सासऱ्यानं जू काढून टाकलं. म्हने, पाय तुटलेली बाई दारात आली, तिले आता कोठं हाकलू? गाडा मोडला, जाळला, अन् बाईले निंबाखाली बसवलं. त्या साली आपल्या गावातले बी गेले. माहा दीर गेला, वीस वर्साचा. पर कोनी म्हनलं नाई का हिले बाहीर काढा."

कोणीतरी विचारलं, "मंग इतले दिवस सांगतलं काऊन नाई, आजी?"

"कोनी इचारलं नाई बाप्पा," सखुआजी म्हणाली.

सरपंच खाली बसले होते. ते पायातल्या वहाणेशी चाळा करत होते. शेवटी म्हणाले, "लिव्हा मंग. पाडळखेड लिव्हा."

ज्या दिवशी साहेब ट्रक घेऊन आले, त्या दिवशी पाडळखेडवाले पाय गाडीत घालून शिवेपर्यंत आले. तिथं थबकले. तीन पिढ्यांत ते या अंगाला आले नव्हते. काका पुढे झाले आणि बैलाच्या वेसणीला धरून गाडी आत घेतली. आठ जणांनी मूर्ती उचलली, काकांनी डोळे बारीक करून "अजून डावीकडं, गहूभर" असं करत ती पायांवर टेकवली. बसली. त्या जागी नखही शिरलं नसतं. पाडळखेडच्या बायांतली एक पुढे आली, पावलांवर डोकं ठेवलं आणि हमसून रडू लागली, "आमी याच्यावर टाचा घासल्या वो माय!" आमच्या बायांनी तिला उठवलं, पाणी दिलं. वस्तीतली माणसंही आली होती, त्यांनी मूर्तीपुढे मेणबत्त्या लावल्या.

ट्रकमध्ये चढवायच्या वेळी सखुआजी खण, नारळ आणि ओंजळभर गहू घेऊन पुढे झाली. साहेब संकोचून म्हणाले, "आजी, हा पुरुष आहे."

"असंन," सखुआजी म्हणाली. "आमच्या घरून रिकाम्या ओटीनं कोनी जात नाई." आणि तिनं बोधिसत्त्वाची ओटी भरली. साहेबांनी डोक्यावरची हॅट काढून हातात घेतली.

काकांनी साहेबांना एकच विनंती केली होती. पाडळखेड तर लिहाच, पण सांभाळली चिंचटाकळीनं, हेही कुठं लिहिता आलं तर पाहा. साहेब म्हणाले होते, प्रयत्न करतो, पण नोंदीत ठिकाणाचा रकाना एकच असतो.

दिवाळीनंतर संग्रहालयाचं पत्र आलं. सरपंचांनी ओट्यापुढे सगळ्यांना बोलावलं आणि पत्र माझ्या हातात दिलं. मी आधी मनात वाचलं. मूर्ती दालनात मांडली होती, पाय जोडले होते. खाली नोंदीची नक्कल. 'बोधिसत्त्व. काळा पाषाण. प्राप्तिस्थान : मौजे पाडळखेड, तालुका खामगाव, जिल्हा बुलढाणा.' बस्स. आमच्या गावाचं नावसुद्धा नव्हतं.

समोर सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं. तिथं मराठी वाचता येणारे चारसहा जण असतील, पण पत्र माझ्या हातात होतं. एक वाक्य पदरचं घालायला कितीसा वेळ लागतो? 'चिंचटाकळीच्या ग्रामस्थांनी सांभाळलेली.' माझ्या ओठांवर आलंच होतं. काका पायरीच्या कडेला मान खाली घालून बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि जसं होतं तसं वाचलं. एक अक्षर जास्त नाही.

कोणीतरी खाकरलं. काकांनी मान वर केली नाही, आणि मला वाटलं, आता या माणसाशी गाव पुन्हा वर्षभर बोलणार नाही.

"बरोबर लिव्हलं त्याईनं," सखुआजी म्हणाली. "लेकीच्या नावात माहेर ऱ्हाते का कोठं? पर ओटी आपून भरली. माहेर तं माहेरच."

बायांच्या घोळक्यातून एकदम हुंकार उठला. लग्नानंतर शाळेच्या हजेरीपटावर माझंही नाव बदललं होतं.

सरपंच उठले. काकांजवळ गेले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, पुन्ना वाचा. मांगच्याईले आयकू नाई आलं."

मी पत्र उलगडलं आणि पाडळखेडचं नाव सगळ्या चिंचटाकळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं वाचलं.